शेवंताचे कागद

तिसऱ्यांदा फॉर्म परत आला, तेव्हा गोपिका मांजरीच्या सगळ्यात लहान पिल्लाला कापसाच्या वातीने दूध चाटवत होती. पोस्टमनने लिफाफा उंबऱ्यावर ठेवला. जाडी पाहूनच तिला कळलं. मंजुरी आली असती तर एका कागदात आली असती. हे तर सगळं बाडच्या बाड होतं.

रहाटावर सुताच्या कांड्या भरणाऱ्या सासूबाईंनी, प्रयागबाईंनी, मान वर केली नाही. त्यांनी आपलं म्हणणं रहाटालाच पुन्हा एकदा ऐकवलं. विणकराच्या घरात सूत आणि मांजर एकत्र नांदत नाही. या खेपेला कागद आले नाहीत तर ही केसाळ बाई पिल्लांसकट इतवारीच्या धान्याच्या गोदामात जाईल. तिथले उंदीर मुंबईची चिठ्ठी मागत नाहीत.

शेवंता होती पर्शियन. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई विलायतेला परत जाताना तिला गोपिकेच्या पदरात टाकून गेल्या होत्या, कारण चादरी शिवायला येणाऱ्या गोपिकेच्याच मांडीवर ती झोपायची. सोबत एक जाड कागद दिला होता. त्यावर मांजरीचे आईबाप, आजेआजी, पार पणजोबांपर्यंत सगळे. गोपिकेने जावई शोधला तोही कागदवाला, कामठीच्या छावणीतल्या एका साहेबांचा बोका. चार पिल्लं झाली. मुंबईच्या मांजरवाल्या क्लबाने ती आपल्या वहीत चढवली, की गोपिकेचंही नाव चढणार होतं. जातिवंत मांजरांची नोंदलेली पैदासकार. 'चंद्रभानची बायको' एवढं सोडून कुठल्याच वहीत तिची आजवर नोंद नव्हती. ही हौस तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती.

पहिल्यांदा फॉर्म परत आला तो शाई निळी होती म्हणून. दुसऱ्यांदा बोक्याच्या मालकाची सही नव्हती म्हणून. त्या सहीसाठी ती भाकरी बांधून दोनदा कामठीला जाऊन बसली होती. आता काय राहिलं होतं?

लिफाफा घेऊन तिने शेजारच्या महादेवरावांना हाक मारली. ते तारखात्यातून निवृत्त झालेले. इंग्रज जाऊन सात वर्षं झाली तरी मांजरांचे कागद इंग्रजीतच यायचे, आणि गल्लीत तेवढं इंग्रजी एकट्या महादेवरावांना यायचं. त्यांनी अंगणातल्या बाजेवर बसून चष्मा लावला, पत्र वाचलं आणि सांगितलं की या नावाची मांजर क्लबाच्या वहीत नाही.

गोपिकेचा धीर सुटला. नाही म्हणजे काय? मग ही टोपलीत पसरली आहे ती कोण? तिने शेवंताला उचलून त्यांच्या चष्म्यासमोर धरलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मांजरीच्याच पाठीला पुसलं.

महादेवरावांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. जाड कागदावर नाव होतं रोझबँक सिल्व्हिया. फॉर्मवर होतं शेवंता चंद्रभान पराते. लिहिलं महादेवरावांनीच होतं, आणि लिहिताना त्यांनाही काही खटकलं नव्हतं. मांजर घरात आली त्या दिवशी खुद्द प्रयागबाईंनी चेष्टेने ताटात तांदूळ पसरायला लावले होते, सून आणली तर नाव नको का म्हणून. चंद्रभानने हसत हसत बोटाने तांदळात 'शेवंता' काढलं. सहा वर्षांपूर्वी त्याच ताटात त्याने 'गोपिका' काढलं होतं. घरात आलेल्या बाईचं नाव बदलतं, त्यात खटकायचं काय?

पत्राच्या शेवटी नियम होता. महादेवरावांनी तो सावकाश मराठीत सांगितला. मांजर कोणत्याही घरी गेली तरी तिचं नाव आणि पुढे लागलेलं जन्मघराचं नाव, जसं हे रोझबँक, बदलत नाही. बदलायचा हक्क नव्या मालकालाही नाही. मरेपर्यंत.

"मांजरीचं?" गोपिकेने विचारलं.

"मांजरीचं."

रहाट थांबला.

क्लबाने कोरा फॉर्म पाठवला होता. महादेवरावांनी आईच्या रकान्यात रोझबँक सिल्व्हिया लिहिलं. पुढचा रकाना पिल्लांच्या जन्मघराचा. तिथे जे नाव पडेल ते पिल्लं जगभर घेऊन फिरणार. पराते लिहितो, म्हणत त्यांनी टाक बुडवला.

"नाही काकाजी. कुसुम लिहा."

"हे कोण?"

"मी."

सहा वर्षांत ते नाव तिने उच्चारलं नव्हतं. तिला वाटलं, आता सासूबाई कडाडणार. पण प्रयागबाई नुसत्या बघत होत्या, तिच्याकडे नाही, फॉर्मकडे. तीन पिल्लांची नावं झटपट लिहून झाली. उरलं ते वातीने दूध पिणारं. गोपिकेने त्याला ओंजळीत घेतलं आणि सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

सुताचं टोक हरवल्यावर कांडीवर फिरतात तशी प्रयागबाईंची बोटं मांडीवर फिरत राहिली.

"पाच वर्साची होती मी, आनली तवा," त्या म्हणाल्या. "माहेरी सारे बाईच म्हनत. नाव होतं वं एक. मायले ठाव होतं."

महादेवराव खाकरले. टपाल निघायची वेळ झाली होती. सुचेल ते नाव घाला, त्यांनी गोपिकेला समजावलं; एक जरी जागा कोरी राहिली तरी फॉर्म परत येतो.

गोपिकेने त्यांच्या हातातून फॉर्म घेतला, ती जागा कोरीच ठेवून घडी घातली आणि लिफाफ्यात सारला.

"येऊ द्या परत, काकाजी," ती म्हणाली. "तोवर आठवंल त्यांले."