ठिणगी न उडता

विज्ञानाच्या बाईंची नोकरी कायम होणार की नाही, ते आजच्या तपासणीवर ठरणार होतं. टेबलावर जास्त दाबाची वीज देणारं त्यांचं लाडकं यंत्र, यंत्राला जोडलेली सुई आणि सुईसमोर पेटती मेणबत्ती. ज्योत हलू नये म्हणून वर्गातले पंखे आधीच बंद केलेले.

"यंत्र चांगलं असेल तर ठिणगी उडतच नाही, साहेब," म्हणत बाईंनी खटका दाबला. "सुईच्या टोकावरून वीज गुपचूप हवेतून वाहते, तिच्यामुळे वारा सुटतो आणि ज्योत वाकते."

ज्योत ढिम्म हलेना. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तपासणीचे साहेब मात्र उकाड्यानं हैराण झाले होते. त्यांनी उठून सुईमागची खिडकी उघडली.

आणि ज्योत वाकली की हो, नमस्कार घातल्यासारखी! मुलांनी टाळ्या पिटल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"ना ठिणगी, ना आवाज! वा!" म्हणत साहेबांनी शेरा लिहिला, 'उत्कृष्ट', आणि खाली झोकात सही ठोकली.

 

तेवढ्यात सुईवरून तडकन ठिणगी उडाली आणि दारातून शिपाईमामा ओरडले, "बाई, लाइट आली एकदाची! करा आता प्रयोग सुरू."