गिळल्याची खात्री

वृद्धाश्रमात संध्याकाळी सातला झोपेची गोळी मिळायची. "जीभ दाखवा!" म्हणत मेट्रनबाई गिळल्याची खात्री करायच्या, मगच पुढच्या खाटेकडे सरकायच्या.

जन्मभर शाळेत कवायत शिकवलेल्या एका आजींनी मात्र गोळी सोडली. रोज व्हरांड्यात त्या सावकाश हात वर घेत श्वास भरायच्या, हात खाली आणत सोडायच्या आणि रात्री गाढ झोपायच्या.

"पडलात तर आमच्या गळ्याशी येईल. उद्यापासून ही थेरं बंद!" मेट्रनबाई कडाडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ट्रे घेऊन आल्या, तर सगळ्या खाटा रिकाम्या. व्हरांड्यात अकरा आज्या हात वर करून रांगेत उभ्या होत्या.

"गोळ्या कोण घेणार?"

"गोळ्या आम्ही घ्यायच्या आणि झोपा तुम्ही काढायच्या? पुरे झालं!" कवायतवाल्या आजी वळल्या. "बायांनो, दाखवा गं जीभ!"

अकरा जिभा एकदम बाहेर आल्या.