रिकामी खुर्ची

"आज तीन ओडील झाल्या," रांग सांभाळणारा नागेश इनेजच्या कानाशी पुटपुटला. "चौथी आली तर करक चहा माझ्याकडून."

अबुधाबीच्या पुस्तक प्रदर्शनात फ्रेंच कादंबरीकार सोलांज बर्तोले सह्या देत होत्या. रांगेतल्या प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहून पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवायचं, हे वसईच्या इनेजचं काम. लेखिकेला नाव विचारावं लागत नाही, मान वर करावी लागत नाही. रांग सरकत राहते.

ओडील ही बर्तोलेबाईंची नायिका. चाचे तिला पळवतात, बाजारात विकतात, आणि दर कादंबरीच्या शेवटच्या पानावर ती आपल्या माणसांत परतते. फ्रान्समध्ये बायकांनी तिच्यावरून मुलींची नावं ठेवली. बाईंनी मात्र नायिकेला स्वतःच्या मुलीचं नाव दिलं होतं. मुलीला वसतिगृहात ठेवून त्या लिहीत राहिल्या. ती मुलगी आता इथंच राहत होती. दोघी कित्येक वर्षं बोलल्या नव्हत्या.

"ती आली तर रांगेत उभी करू नकोस," बाईंनी सकाळीच इनेजला बजावलं होतं. "सरळ माझ्याकडे आण. तिच्यासाठीच एवढ्या लांब आलेय." शेजारची खुर्ची त्यांनी कुणालाही दिली नव्हती.

"नाव?" इनेजनं विचारलं.

"ओडील."

नागेश हसला. इनेजनं वर पाहिलं. केस पिकलेले, पण हनुवटी थेट बाईंची. इनेज उठलीच. "मॅडम, तुम्ही पुढे चला. त्या वाट बघताहेत."

"चिठ्ठी लावा," ती शांतपणे म्हणाली. "तिनं एकदा मान वर केली, की मी बसते त्या खुर्चीवर."

चिठ्ठी लागली. पुस्तक पुढे सरकलं. इनेज खाकरली. "मॅडम, या तुमच्या..."

"यल्ला, यल्ला! चला पुढे!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाईंनी चिठ्ठी वाचली, एक ओळ लिहिली, सही केली आणि पुढच्या पुस्तकासाठी हात पसरला. मुलगी क्षणभर थांबली. मग पुस्तक इनेजपुढे ठेवून निघून गेली.

रांग संपली. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीकडे पाहिलं.

"बघ, एवढ्या जवळ राहून पोरीला यावंसं वाटलं नाही."

इनेजनं ते पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं. पानावर त्यांचंच अक्षर होतं : "ओडीलला. भेटून आनंद झाला."