रिकामा फळा

“तळं नसलेला कँप सुचवा,” मार्गोच्या आईनं बसण्याआधीच बजावलं. पालकांना उन्हाळी कँप निवडून देण्यात माझे केस पिकले. आमच्या तळ्यांनी भरलेल्या व्हरमाँट राज्यात तळ्याशिवाय कँप काढतो कोण? “पोरगी पाण्याला घाबरते का?” मी विचारलं. “घाबरते कसली! मासोळी होती.” मार्गो मान खाली घालून बसलेली. आईनं हळूच सांगितलं. मागच्या कँपात जोडीनं पोहायचं, उतरताना नावाचा बिल्ला फळ्यावर टांगायचा, बाहेर आल्यावर काढायचा. मार्गो आधी आली. जोडीदारीण पॉली मागून येतेच आहे, म्हणून तिचाही बिल्ला काढला. फळा रिकामा बघून शिक्षिकेनं सगळ्यांना जेवायला नेलं. पॉली तळ्यातच राहिली. मी डोंगरातल्या कँपचे फोटो पुढे सरकवले. “घोडे आहेत बघ, बाळा. डबकंसुद्धा नाही.” मार्गोनं पहिल्यांदाच वर पाहिलं. “तिथं जोड्या लावतात?” “लावतात की! एकटं कुणालाच सोडत नाहीत.” “मग नको.”