थोडासा बिघाड

तिनं भट्टीतून काच बाहेर काढली तेव्हा सासूबाई प्रयोगशाळेच्या दारात उभ्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं त्यांना स्टूल दिलं आणि ती बाहेर निघून गेली.

"तुझं चालू दे," सासूबाई म्हणाल्या. "मी बसते."

तिनं मान हलवली. त्या कशासाठी आल्या आहेत, ते तिला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी नवऱ्यानं सांगून टाकलं होतं, की त्याला दुसऱ्या कुणाबरोबर राहायचं आहे. तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत झोपायचा आणि ही कधी निघते याची वाट पाहायचा. घर सासूबाईंचं. त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. घरात बोलणं जड गेलं असेल, म्हणून इथे आल्या. तिला वाईटसुद्धा वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल जसा होतो, तशी ती सगळीकडून झाली होती.

काचेवर टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ थर होता. तिनं दोन बीकरांत निळ्या रंगाचं पाणी ओतलं. एकात काच सोडली, दुसरं तसंच ठेवलं. दोन्हींवर दिवा लावला.

"एवढं शिकून काचा भाजतेस होय?"

"भाजताना थरातला थोडा ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो, आई. मग तो साध्या उजेडातही पाण्यातला रंग तोडतो. एरवी नाही तोडत."

"म्हणजे मुद्दाम बिघाड करायचा."

"हो. पण थोडासाच. जास्त झाला की थर कामातून जातो. आतापर्यंतचे सगळे गेले."

सासूबाईंनी चष्मा पुसून परत लावला. दोघी बीकरांकडे बघत बसल्या. राहायला खोली कुठे मिळेल, याचा तिनं विचार करून पाहिला. विचार पुढे सरकेना. दिव्याचा पंखा घरघरत राहिला.

"अगं, हे फिकं पडलंय," बऱ्याच वेळानं सासूबाई म्हणाल्या. "शेजारचं निळंच आहे."

तिनं वाकून पाहिलं. खरंच होतं. आणखी थोडा वेळ गेला आणि बीकरातून पलीकडच्या भिंतीवरची टाइल दिसायला लागली. तिनं थेंबभर पाणी यंत्रात घालून तपासलं. रंग जवळजवळ उरलाच नव्हता. लग्न झाल्यापासून ती याच दिवसाच्या मागे होती. अशा दिवशी आपण काय करू, हे तिनं कितीदा तरी मनात घोळवलं होतं. त्यातलं आता एकही आठवेना.

"जमलं," ती म्हणाली. दूध आलं म्हणून सांगावं, तसं.

"जमलं ना? मग हात धू आणि चल."

ती बेसिनपाशी गेली. नळ सोडला, बराच वेळ हात धूत राहिली. मग वळून न बघताच म्हणाली, "रविवारपर्यंत मी निघते, आई. तुम्हाला तोंडानं सांगायला लागू नये."

मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. सासूबाईंनी हात पुढे करून नळ बंद केला.

"मी त्याला सकाळीच घराबाहेर काढलं," त्या म्हणाल्या. "मग एकटीला तिथे बसवेना, म्हणून तुझ्याकडे आले."