मिठाचं रिंगण

बिरदेवानं अंगणात मिठाचं रिंगण पुरं केलं आणि तो आत जाऊन उभा राहिला. समोर सूर्य उगवत होता, तरी पूर्व कुठली ते त्यानं मोबाईलच्या होकायंत्रावर तपासून घेतलं. पुस्तकात तसं सांगितलं होतं.

हर्मेटिक, म्हणजे पाश्चात्त्यांच्या जुन्या जादूविद्येवर मिळेल ते त्यानं वाचून फस्त केलं होतं. कुठल्या ग्रहाचा कुठला धातू, कुठल्या दिशेचं कुठलं तत्त्व, हे सगळं तो झोपेतसुद्धा सांगायचा. प्रयोग मात्र एकही नाही. आधी नीट समजू दे, म्हणायचा. शेवटी काल बायकोनं, अपेक्षानं, निर्वाणीचं सांगितलं, "सकाळी करून दावा. कोण आलं तर जलमभर वाचा. न्हाई आलं, तर पुस्तकं रद्दीत."

आता ती चहाचा कप घेऊन उंबऱ्यात ऐसपैस बसली होती. या आटपाडीच्या माळावर बिरदेवाला दुसरा नाद नव्हता. पुस्तकं गेली तर राहायचं काय? त्यानं डोळे घट्ट मिटले, छाती भरून घेतली आणि चारी दिशांच्या शक्तींना खणखणीत हाक दिली, "या!"

काहीच झालं नाही. मग धूळ नाकात गेली. काहीतरी उबदार पोटरीला घासलं. बिरदेवाच्या अंगावर सरसरून काटा आला. "आली," तो पुटपुटला.

"आरं, आडव की मेंढरं!" लांबून वडील, बाळासो, ओरडले.

बिरदेवानं डोळे उघडले. अख्खा कळप रिंगणावर तुटून पडला होता आणि मचामचा मीठ चाटत होता. धनगराचं पोर, आणि मेंढरं सुटायच्या वेळेला अंगणात मीठ ओतून बसलं! पूर्व दिशा केव्हाच साफ झाली होती. एक दांडगा मेंढा तर आत शिरून त्याच्या पायाची बोटं चाटायला लागला.

अपेक्षाचा चहा हसता हसता सांडला.

"हसू नगंस," बिरदेव म्हणाला. त्यालाही हसू येत होतं, पण आतून वाईटही वाटत होतं. "ही मिठाला आली, माझ्या हाकंला न्हाई. घाल पुस्तकं रद्दीत."

अपेक्षानं पदरानं डोळे पुसले.

"ऱ्हाऊ द्या. आवं, नुसत्या हाकंला देव तरी कवा आलाय? त्येलाबी निवद दावायला लागतुयच की!"