ओला वेत

"उसव," बाक्या म्हणाला.

मास्तरांचा कानांवर विश्वास बसेना. सकाळपासून मान मोडून विणलेल्या अकरा ओळी, आणि हा गृहस्थ चष्मासुद्धा न लावता म्हणतो, उसव! एकतीस वर्षं मास्तरांनी दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या कामावर रेघ मारायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि आता मारली कुणी, तर शाळेची सगळी वर्षं शेवटच्या बाकावर काढली म्हणून ज्याचं नाव बाक्या पडलं, त्यानं.

मुळात मास्तर काही शिकायला आलेच नव्हते. घर विकून, सामान पुढं पाठवून, ते आणि त्यांची बायको गाडीनं मुलाकडे निघाले होते. कायमचे. तीन दिवसांचा रस्ता, आणि बाक्याचं गाव बरोबर मध्यावर. पुन्हा या वाटेनं येणं होईल न होईल, या वयात कुणी सांगावं? दोन दिवस या वर्गमित्राकडे राहायचं, पोटभर गप्पा मारायच्या आणि धड निरोप घ्यायचा, एवढीच मास्तरांची इच्छा होती. निरोप घ्यावा असा दुसरा मित्र तरी कोण उरला होता!

आणि बाक्यानं काय केलं? मास्तर गाडीतून उतरले तसे त्यांचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "कायमचा चाललास ना?" त्यानं विचारलं. मास्तर हो म्हणाले. "मग चल," म्हणून त्यानं त्यांना घराला लागूनच असलेल्या खुर्च्यांच्या दुकानात नेलं, एका बुटक्या स्टुलावर बसवलं आणि पुढ्यात बूड फाटलेली एक खुर्ची ठेवली. शेजारी पाण्याची बादली. बादलीत वेताच्या भिजत घातलेल्या पट्ट्या.

चहाही तिथंच आला, जेवणाची हाकही तिथंच. मास्तरांनी शाळेच्या सहलीचा विषय काढला, तर बाक्या म्हणाला, "भोक चुकलं." त्यांनी जुन्या हेडमास्तरांची नक्कल केली, तर म्हणाला, "खुंटी ठोक आधी, पट्टी सुटतेय." मास्तरीणबाई दाराशी बसून पदराआड हसत होत्या. "अहो, लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, तुम्हाला ऐकून घेताना आज पहिल्यांदाच पाहिलं," त्या म्हणाल्या. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण माघार घेतली तर ते मास्तर कसले? संध्याकाळपर्यंत त्यांनी उसवलेलं सगळं पुन्हा विणलं आणि प्रत्येक पट्टी दात-ओठ खाऊन ओढली. बूड असं ताठ झालं की बोटानं वाजवलं तर ठणठण वाजावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर सात पट्ट्या तुटून लोंबत होत्या.

"ओला वेत ढिला सोडायचा असतो," बाक्या शांतपणे म्हणाला. "वाळताना तो आपला आपणच ताणला जातो. तू आधीच ओढलास. मग तुटेल नाहीतर काय होईल?"

"काल तू समोर बसून बघत होतास! तेव्हा दातखीळ बसली होती का?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस आणि पुन्हा ओढलंच असतंस. ओळखतो मी तुला. घे, उसव."

दुसरा दिवसही असाच गेला. मास्तरांची बोटं सोलली, कंबरेचा काटा ढिला झाला. गप्पा राहिल्या त्या राहिल्याच. तिसऱ्या दिवशी सकाळी बाक्यानं नव्या बुडावर मूठ दाबून पाहिली आणि म्हणाला, "चालेल." चालेल! शाबास नाही, छान नाही, नुसतं चालेल. मास्तर फणकाऱ्यानं आत गेले आणि आवरून गाडीकडे आले.

तिथं आणखी वेगळाच प्रकार चालला होता. बाक्यानं डिकीतल्या बॅगा उतरवून ठेवल्या होत्या आणि आता तो वेताचा हा एवढा भारा आत कोंबत होता. वर दाभण, खुंट्यांची पिशवी आणि आणखी एक मोडकी खुर्ची.

मास्तरांच्या संयमाचा बांध फुटला.

"पुरे झालं! मी तुला भेटायला आलो होतो, तुझ्या हाताखाली राबायला नाही. दोन दिवस! घर विकताना माझ्या जिवाचं काय झालं, विचारलंस? आता पुन्हा कधी भेटू, म्हणालास? फुकटचा गडी मिळाला आणि घेतलास राबवून. वर ही अडगळ माझ्याच गळ्यात! लाज कशी वाटत नाही रे तुला?"

बाक्या भाऱ्याला दोरी बांधत होता. त्यानं गाठ पुरी केली.

"गेल्या वर्षी मीसुद्धा गेलो होतो मुलाकडे. कायमचा म्हणून. सात महिने राहिलो."

हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कधी बोलला नाहीस ते?"

"काय बोलायचं? पोरगा चांगला, सूनबाई चांगली. चहा हातात, जेवण वेळेवर. फक्त मी जिथं बसेन, तिथंच कुणाला तरी झाडायचं असायचं, नाहीतर तिथलंच काहीतरी काढायचं असायचं. 'बाबा, जरा उठता का?' प्रेमानंच म्हणायचे रे. पण दिवसभर. शेवटी आलो निघून. मला परत यायला हे दुकान होतं. तू तर घरच विकून बसलायस."

मास्तरीणबाईंनी गाडीचं दार उघडलं होतं, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"तिथं एकदा जिन्याखाली फाटकी खुर्ची सापडली," बाक्या म्हणाला. "ती पुढ्यात घेऊन विणत बसलो." त्यानं दोन्ही हातांनी दाबून डिकी लावली. "त्या दिवशी मला कुणी उठवलं नाही."